तानूबाईसाहेबांच्या पितळी छताची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. लिहिणार सेवक, नाव न लिहावे ऐसी आज्ञा. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्यात दोन महाल, मध्ये एकच अंगण. थोरल्या महाली तानूबाईसाहेब, धाकट्या महाली त्यांच्या जाऊबाई लाडूबाईसाहेब. थोरल्यांची एकुलती कन्या चंद्रावती परमुलखी नांदत होती आणि दर रविवारी मातुश्रींस फोन करीत होती. फोन यावा, "हॅलो आईसाहेब" इतकेच उमटावे आणि कटावा. तीन वेळा कटला म्हणजे लेक धाकट्या महाली फोन लावी आणि तेथे घटकाभर बोलणे चाले, हसणे चाले. मग तानूबाईसाहेबांचा जळफळाट काय वर्णावा! "पोटची लेक माझी आणि गुजगोष्टी तिच्याशी! मेलीनं रेंजसुद्धा आपल्याकडे ओढून घेतली!" आम्ही मीठ थोरल्यांचे खाल्ले, सबब आमचाही जीव जळला.

मग उपायांची शर्थ जाहली. मोबाइल बंद करून चालू केला, सिम काढून पदराने पुसून पुन्हा बसविले, कंपनी सोडून जाऊबाईंचीच कंपनी घेतली आणि मोबाइल त्यांच्याहून मोठा घेतला. तरी फोन कटतच राहिला. मग जाऊबाईंनी काही यंत्र दडविले असेल म्हणोन आम्हांस हेरगिरीस धाडिले. पाहतो तो वर लाकडी नक्षी, तीवर साधी कौले आणि मोबाइल लोणच्याच्या बरणीस टेकविलेला. हे सांगताच बाईसाहेबांनी आम्ही फितूर जाहलो ऐसा संशय घेतला. अखेर कंपनीचे कारागीर इनूसभाई तांबोळी पाचारिले. त्यांस दिवाणखान्यात रेंजची एक दांडी दिसली आणि अंगणात चार. मग त्यांनी मान वर केली. "बाईसाहेब, हे पत्रे कधी ठोकले?" बाईसाहेब ताठ्याने वदल्या, "लाडूबाईंनी छताला लाकडी नक्षी केली ना, त्याच दिवाळीत. छताला पितळ, भिंतींना पितळ. साऱ्या राज्यात असं नाही!" "म्हणूनच राज्यातली रेंज आत येत नाही. डब्यात बसून बोलताय तुम्ही. पत्रे काढा, नाहीतर अंगणात येऊन बोला." "अंगणात? तिच्या डोळ्यांदेखत? मुळीच नाही!"

मग बाईसाहेब दोन दिवस छताकडे पाहत बसल्या, अन्न गोड लागेना, आणि शनिवारी पत्रे उतरविण्याची आज्ञा जाहली. समोर लाडूबाईसाहेब खिडकीत उभ्या होत्या, तेणेकरून एकेक पत्रा काळजावर पडला. रविवारी फोन आला आणि कटला नाही. "आईसाहेब, किती स्पष्ट ऐकू येताय आज!" बाईसाहेबांचे डोळे भरून आले. घटकाभर सासरचे, माहेरचे सारे बोलणे जाहले, आणि मग लेक म्हणाली, "बरं, ठेवते हं आता. काकूसाहेब वाट पाहत असतील."

एवंच, पितळ गेले, रेंज आली, लेकीचा आवाज लाभला. फक्त पत्रे निघाल्यापासून समोरचे हसणे पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते.