सेनापतींचं जर्मन

देवांग जर्मन शिकायला अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून व्हिएन्नाला गेला आणि चौथ्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याच्या हातात कोरडा पाव दिसला. सगळं बिघडलं ते इथून.

"अरे, नुसता ब्रेड खातोयस?" पद्मिनी फोनमध्ये शिरायचीच बाकी होती.

"मॉम, आय ॲम फाइन. इट्स रिअली गुड ब्रेड."

पाव खरंच चांगला होता. पण परगावी गेलेल्या मुलाच्या हातातला पाव चांगला असतो, हे कुठल्याही आईला पटवून दाखवावं. फोन ठेवून पद्मिनीने महिला मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, "व्हिएन्नात आपलं कोण आहे?"

तिचा नवरा राजीव कॉफी पिता पिता दचकला. "पद्मिनी, कॅन्सल कर तो मेसेज. त्याचा डिग्रीसाठी एवढा एकच सब्जेक्ट राहिलाय. चार महिने तिथल्या लोकांत राहायचं, जर्मन बोलायचं, तोंडी परीक्षेत पास व्हायचं. तो नापास झाला तर डिग्री लटकेल!"

"बोलू दे की जर्मन. मी फक्त जेवणाचं बघतेय. जेवताना कुठे बोलावं लागतं?"

मराठी माणूस न बोलता जेवतो, असं तिला का वाटलं देव जाणे. राजीवची कॉफी संपायच्या आत मंडळातल्या नीनाच्या नणंदेची मावसबहीण सापडली. गिरिजाकाकू नावाच्या या बाई वीस वर्षं व्हिएन्नात होत्या आणि तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी देवांगला त्याच संध्याकाळी आमटी-भाताला बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्याच मंडळातल्या संध्यामावशींकडे थालीपीठ होतं. पंधरवड्यात होस्टेलवर देवांगचे फक्त कपडे राहत होते आणि देवांग गिरिजाकाकूंच्या सोफ्यावर राहत होता.

आता गिरिजाकाकूंचे यजमान क्लाउस हे अस्सल व्हिएन्नाचे. राजीवला तेवढाच आधार वाटला. "त्या काकांशी जर्मन बोल, रोज तासभर!" त्याने बजावलं. पण क्लाउसकाका गेली अकरा वर्षं मराठी शिकत होते आणि आपल्यापेक्षा कच्चा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. ती संधी ते सोडणार नव्हते. देवांगने जर्मनमध्ये मीठ मागितलं की ते दोन्ही हातांनी मीठदाणी धरून ठेवत आणि म्हणत, "मराठीत माग, बाळा."

त्यातच मंडळाच्या ऐतिहासिक नाटकातल्या सेनापतींची म्युनिकला बदली झाली. गिरिजाकाकूंनी सोफ्यावरच्या देवांगला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"उंच आहे, दाढी आहे. अजून काय लागतं?"

"बट काकू, आय डोन्ट स्पीक—"

"बोलशील."

दीड महिना रोज तालीम चालली. फ्रीमाँटच्या रविवारच्या मराठी शाळेत देवांग सहा वर्षं जाऊन मुख्यतः बास्केटबॉल शिकला होता. गिरिजाकाकूंनी त्याच्याकडून 'ळ' वदवून घेतला, 'ण' वदवून घेतला, आणि चुकल्यावर पुरणपोळी बंद ठेवली. एके सकाळी पद्मिनीच्या फोनवर तिचा मुलगा कमरेवर हात ठेवून उभा दिसला.

"मातोश्री, दंडवत."

पद्मिनीला रडू आवरेना. पोटच्या पोराने एकवीस वर्षांनी मराठीत हाक मारली होती, तीही अशी! राजीव मात्र फोन हिसकावून ओरडला, "आणि जर्मनचं काय?"

"स्वारी त्या मोहिमेवर अद्याप निघालेली नाही."

मोहीम निघाली ती थेट परीक्षेच्या दिवशी. परीक्षक बाईंनी विचारलं, "तुम्ही या शहरात काय केलंत?" देवांगने जर्मनमध्ये "मी या शहरात" इतकं व्यवस्थित म्हटलं. पुढचे शब्द सापडेनात. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पाठ असलेलंच बाहेर पडतं, त्यामुळे बाईंना पूर्ण आवाजात ऐकावं लागलं की गडाचे दरवाजे बंद करा आणि एकही गनीम निसटता कामा नये. त्यांनी खरोखरच उठून दार लावून घेतलं, कारण शेजारच्या खोलीतही परीक्षा चालू होती. देवांग नापास झाला. कॉलेजने कळवलं की जर्मन पहिल्यापासून करा, मग डिग्री मिळेल.

विमानतळावरून घरी येताना राजीव गाडी चालवत होता, शेजारी पद्मिनी, मागे देवांग. आईवडील सवयीने मराठीत सुरू झाले. मुलांच्या देखत मुलांविषयी बोलायला अमेरिकेत मराठीइतकी सोयीची भाषा नाही.

"पोट बघितलंस का त्याचं?" राजीव म्हणाला. "नापास होऊन वर बाळसं धरून आलाय."

"हळू बोला."

"हळू कशाला? त्याला काय कळतंय?"

मागून आवाज आला, "सेवकाच्या पोटाची चर्चा सेवकासमक्ष नसावी."

फ्रीवेवर गाडी एक लेन सोडून दुसऱ्या लेनमध्ये गेली.

त्या दिवसापासून घर मुकं झालं. देवांगच्या डिग्रीचं काय करायचं, हे बोलायचं कुठे? हिंदी त्याला सिनेमामुळे कळत होती. नवराबायको गॅरेजमध्ये गाडीत बसून, काचा लावून भांडू लागले. एकदा तर देवांगने काचेवर टकटक केली आणि "तह करावा" असा सल्ला दिला.

"यार, याला न कळणारी एकच भाषा उरलीय," शेवटी राजीव हताशपणे म्हणाला. पद्मिनीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांनी गुपचूप कम्युनिटी कॉलेजच्या शनिवारच्या जर्मन वर्गात नाव घातलं.

पहिल्या शनिवारी ते वर्गात शिरले, तर पहिल्या बाकावर देवांग.

"मातोश्री, आपण इथे?"

"काय करणार," पद्मिनी म्हणाली, "तुझी काळजी!" आणि त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.

राजीव आणि पद्मिनीने असा अभ्यास इंजिनियरिंगलाही केला नव्हता. गरज होती ना! दोन महिन्यांत पद्मिनी वर्गात पहिली आली आणि राजीव दुसरा. देवांगचा नंबर बाईंनी सांगितला नाही. त्या रात्री जेवताना पद्मिनी राजीवकडे वळून जर्मनमध्ये लांबलचक काहीतरी बोलली. राजीवने जर्मनमध्येच उत्तर दिलं. दोघांनी देवांगकडे पाहिलं आणि खो खो हसले.

देवांगचा घास हातातच राहिला. "मातोश्री, हे माझ्याविषयी होतं ना? काय म्हणालात?"

कित्येक दिवसांनी पद्मिनीला मोकळं मोकळं वाटत होतं.

"पास हो," ती म्हणाली, "मग कळेल."