गंगारामकाकांच्या आवाजासाठी काळ्या पडद्यावर जाहलेली स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. श्रीभगवतीची कृपा असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, शुद्ध पक्ष, रविवार, ते दिवशी मौजे नाचणे, तालुका रत्नागिरी येथे सकाळी नवापासून दुपारी साडेतीनपर्यंत जे युद्ध जाहले त्याची ही हकीकत. पुढील पिढ्यांनी बोध घ्यावा, निदान हसावे, म्हणोन लिहिली असे. लिहिणाराने सर्व प्रकार इतका जवळून पाहिला की कपाळ पडद्यास लागले होते. यांत पदरचे काही घातले नाही. वगळावे असे बहुत होते, परंतु घरांतील मंडळींनी कागद वाचून घेतला आणि वगळलेले परत घालावयास लाविले.

युद्धाचे कारण ऐसे जे, हर्णे बंदरी गंगाराम म्हणोन लिलाव पुकारणारे नामांकित असामी होते. सायंकाळी होड्या लागाव्या, वाळूवर मासळीचे ढीग पडावे, आणि मग गंगारामांनी गळा मोकळा करावा, की दोनशे माणसांच्या कालव्यात तो एकच आवाज सरळ कानी यावा. गेले मार्गशीर्षात त्यांस देवाज्ञा जाहली. मागे तसबिरी रग्गड राहिल्या, परंतु आवाज एकाच ठिकाणी उरला. लिलावाची सहा मिनिटांची फिल्म फोनात होती, ती घरच्या लॅपटॉपात उतरवून ठेविली होती, आणि तो फोन पुढे पाण्यात पडून गत झाला. मंगळवारी वर्षश्राद्ध. त्यांचे कुटुंब गुणवंतीबाई यांचे मनी दुसरी काही इच्छा नव्हती. त्या दिवशी घरात तो आवाज एकदा व्हावा, इतकीच होती.

तो ऐन वेळी लॅपटॉपाने दगा दिला. विंडोज म्हणोन जे राज्य आत होते ते बसले. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत राहिले, आणि चार दिवस फिरविले तरी दरवाजा उघडेना. दापोलीच्या दुकानदाराने निकाल सांगितला की फॉरमॅट मारावा लागेल आणि आत आहे ते जाईल; शिवाय हार्ड डिस्क कटकट आवाज करते, अजून किती वेळा चालू होईल याचा भरवसा नाही. बाईंनी तो निकाल ऐकून घेतला, लॅपटॉप उचलला, पिशवीत सुके बोंबील आणि सोडे यांचे मधोमध ठेविला, आणि शनिवारी एस.टी.ने रत्नागिरीस भाच्याकडे आल्या.

हा भाचा म्हणजेच या बखरीचे नायक, अखंडित-वायफाय-मंडित, सतरा पासवर्डांचे धनी पैकी चौदा विसरलेले, कॉलेजच्या संगणक-महालातील प्रयोगशाळा-सहायक, राजश्री रितेशराव. मावशींनी पिशवी खाली ठेवण्याचे आतच रावांनी वचन दिले की हे काम अर्ध्या तासाचे, चहा निवायच्या आत आवाज काढून देतो. ते समयी रावांचे कुटुंब नम्रताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी रावांकडे एकवार पाहिले आणि चहा झाकून ठेविला.

रविवारी सकाळी मसलत बसली. लिनक्स म्हणोन एक परमुलखीचा सरदार आहे. तो पेनड्राइव्हच्या डेऱ्यात राहतो, दुसऱ्याच्या वाड्यात उतरून तेथील चीजवस्तूस धक्का न लावता कारभार पाहतो आणि काम होताच डेरा उचलून जातो. ऐशा सरदारास लॅपटॉपात उतरवावे, फिल्म उचलवावी आणि निरोप द्यावा, असा बेत ठरला. रावांनी खोलीचे पडदे ओढले, पंखा बंद केला, कोणी हाक मारू नये असे फर्मान काढिले, आणि पेनड्राइव्ह खुपसून एफ-बाराच्या कळीवर असा मारा केला की शेजारचे गुरव कोण सुतार लावला म्हणोन विचारून गेले.

पहिला दरवाजा लीलया पडला. कोणास आत घ्यावे याची यादी आली, सरदाराचे नाव दिसले, रावांनी एंटर दाबून विजयी मुद्रेने मावशींकडे पाहिले. आणि मग पडदा काळा झाला. काळा म्हणजे बांगडा तळावयाच्या तव्याचे बूड. दोन मिनिटे गेली, आतून ढुम् असा नगाऱ्यासारखा आवाज आला आणि पुन्हा सर्वत्र शांतता जाहली. रावांनी तो आवाज शत्रूच्या छावणीतील उपहास समजून लॅपटॉपाची कळ दाबून धरिली, बंद केला, पुन्हा चालू केला. डिस्कने कट् कट् केले. मावशींनी पदर सावरला.

पुढे राव फोन घेऊन देशोदेशीच्या फोरमांस शरण गेले. तेथे विद्वानांची दाटी. बहुतांचे मत पडले की पडद्याचा कारभारी रुसला आहे. यादीच्या ठायी ई दाबून, जी लांब ओळ दिसेल तिचे शेवटी नोमोडसेट हा मंत्र लिहावा. रावांनी लिहिला. अक्षर न् अक्षर तपासिले, मग एस्केप दाबून मागे आले आणि स्वारी सोडिली. पडदा काळा. ढुम्. फिरून मंत्र लिहिला, फिरून एस्केप, फिरून काळा. ऐसे चार वेळ जाहले. खरी गोष्ट, जी रावांस त्या रात्री उशीवर डोके टेकल्यावर कळली, ती ऐसी की मंत्र लिहून तेथेच एफ-दहा दाबावयाचे असते. एस्केपाने लिहिलेले सर्व पुसले जाते. हुकूम चारदा लिहिला आणि चारही वेळा शिक्क्यावाचून स्वहस्ते फाडून टाकिला, आणि वर अंमल होत नाही म्हणोन हुजऱ्यांस शिव्या दिल्या.

मग टीव्हीची कुमक मागविली. लॅपटॉपास वायर जोडून चित्र टीव्हीवर काढावे ऐसी तजवीज होती, परंतु हर्ण्याच्या खाऱ्या हवेने वायर खुपसावयाचे भोक गंजून बुजले होते. राव टाचणीने गंज काढावयास गेले, टाचणी मोडली, तुकडा आत राहिला, आणि ती वाट कायमची बंद जाहली. मग कपाटातून दुसरा पेनड्राइव्ह काढिला, त्यात जुना लिनक्स होता. तोही उतरला आणि काळा झाला. दर खेपेस डिस्क कट् कट् करी. प्रथम दोनदा करी, पुढे पाचदा करू लागली. अकरावे खेपेस राव मोजावयाचे थांबले, कारण मावशीही मनात मोजीत आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. येथे बखरकारास स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे की राव त्या घटकेस भ्याले. दुकानदाराने नुसते सांगितले होते की आवाज जाईल. आपण वचन देऊन, पडदे ओढून, स्वहस्ते तो घालवीत आहोत, हे त्यांस कळून चुकले होते, आणि तरी तोंडाने ते "होतंय, होतंय" म्हणत होते.

दुपारचे दोन वाजले. नम्रताबाईंचा खलिता आला की मावशी चारच्या दापोली गाडीने जाणार, त्या उपाशी बसल्या आहेत, तरी जेवावयास येता की ताट तिकडे धाडू.  रावांनी पडद्यास कपाळ लावून आत काही हलते काय ते पाहण्याचा उपक्रम चालविला होता.

तेव्हा गुणवंतीबाई उठल्या. त्या पाच तास कोपऱ्यातील स्टुलावर बसून होत्या, आणि बाजारात गिऱ्हाईक फसते आहे हे जिला दिसते पण मध्ये बोलवत नाही अशा बाईसारखे त्यांचे तोंड झाले होते.

"अरं रितेश, मगाधरनं काय बगतंस त्या काळ्यात?" त्या म्हणाल्या. "सरक जरा. असा समोरनं काय दिसनार हाय?"

आणि त्यांनी पिशवीतून बॅटरी काढिली. हर्ण्याच्या लिलावात सांज पडली म्हणजे मासळीची पारख बॅटरीवर होते. उजेड सरळ मारिला तर खवले चमकून डोळे दिपतात आणि शिळी मासळीही ताजी भासते. म्हणोन जाणत्या बायका बॅटरी तिरकी धरून माशाचा डोळा पाहतात. डोळा निर्मळ तर माल ताजा. बाईंनी तीस वर्षे हेच केले होते. त्यांनी लॅपटॉपाचे झाकण सुरमई उलथावी तसे किंचित मागे केले, बॅटरी कडेने तिरकी धरिली आणि वाकून पाहिले.

"जित्ता हाय रं," त्या म्हणाल्या. "डोळा निर्मळ हाय. ह्यो बग, हितं काय काय चित्रं हायती."

रावांनी पाहिले. काळ्या पडद्याचे पोटात अगदी फिकट, घड्याळ, फोल्डर, बाण, सगळा दरबार मांडून लिनक्स सरदार बसला होता. तो पहिल्या खेपेसच उतरला होता, सकाळी सव्वानऊ वाजता. ढुम् हा त्याचा मुजरा होता. दर खेपेस त्याने येऊन मुजरा केला आणि दर खेपेस रावांनी त्याची मान मुरगळून दाराबाहेर काढिले. सरदार आला होता, दिवा तेवढा मालवून आला होता.

तो नम्रताबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी बॅटरी पाहिली, पडदा पाहिला, नवऱ्याचे तोंड पाहिले, आणि ताट खाली न ठेवता मोकळ्या बोटाने कळफलकाच्या वरच्या ओळीकडे दाखवून विचारले, "ही सूर्याची कळ कशासाठी असते?"

रावांस ती कळ ठाऊक होती. कॉलेजात पोरांस ते तिजविषयी शिकवीतही असत. त्यांनी दाबिली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यास पडदा असा उजळला की तिघांचीही तोंडे निळी दिसू लागली. कोणी हसले नाही. ही नम्रताबाईंची मोठी मेहेरबानी, तिची परतफेड अद्याप चालू आहे.

मग फिल्म सापडली आणि तिची नक्कल काढावयास घेतली. डिस्क कट् कट् करीतच होती. सत्त्याण्णव टक्क्यांवर पट्टी अडकली आणि तीन मिनिटे हलेना. रावांनी बोट उचलिले तो मावशींनी मनगट धरिले, आणि आता कशाला हात लावू नको असा हुकूम केला. रावांनी त्या दिवशी पाळलेला हा एकच हुकूम. पट्टी हलली, शंभर झाली. एक नक्कल पेनड्राइव्हात, एक रावांच्या फोनात, एक नम्रताबाईंच्या फोनात उतरली, आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी किल्ला सर जाहला.

मावशींनी गाडीच्या आधी एकदा लावावयास सांगितले. लाविली. वारा, समुद्र, माणसांचा गलका, ढिगावर ढीग, आणि सर्वांवरून तो आवाज, भाव चढवीत, चेष्टा करीत, एका दलालाच्या नव्या चपलांस नावे ठेवीत. नम्रताबाई ताट धरून उभ्याच राहिल्या. चौथ्या मिनिटास फिल्ममध्ये अंधार पडू लागला. गंगारामकाका ढिगावर वाकले, मागे वळले आणि ओरडले, "गुणवंती, बॅटरी मार गो हिकडं! डोळा बगूंदे लोकांना!"

मावशींच्या हातात बॅटरी होतीच. अंगठा आपसूक दाबला गेला आणि उजेड पडद्यावर पडला, तिरका, गंगारामकाकांच्या पायांशी.

येणेप्रमाणे मौजे नाचणे येथील काळ्या पडद्याचे युद्ध समाप्त जाहले. बढाई रितेशरावांची, फत्ते गुणवंतीबाईंची, सूर्याची कळ नम्रताबाईंची, अशी वाटणी सर्वमान्य होऊन दप्तरी दाखल जाहली. बखर लिहिणारा आणि बखरीतील राव हे एकच, हे वाचणारांनी केव्हाच ओळखिले असेल. चारची गाडी मिळाली. फिल्म संपेपर्यंत आणखी दोन मिनिटे ती बॅटरी जळत राहिली, आणि बंद करा असे कोणी म्हटले नाही, हेही नोंदले असे.