मार्चमधली रेंज

जे डोळ्यांना दिसतं ते एका माणसापुरतं खरं असतं. जे नकाशावर दिसतं ते सगळ्यांना लागू होतं. प्रगत समाज नकाशावर चालतो. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातलं, मेपलच्या झाडीत बुडालेलं आमचं ईस्ट क्रॅडक त्या मानाने फारच प्रगत.

मोबाइल कंपनीच्या नकाशावर आमचं गाव जांभळं आहे. जांभळं म्हणजे उत्तम रेंज. नकाशा संगणकाने काढलाय. टॉवरची उंची, डोंगराचे उतार, लहरींची ताकद, सगळं त्यात घातलंय. झाडं तेवढी घातलेली नाहीत. (झाडांना पानं फुटतात, ती लहरी अडवतात, मग गळतात. शास्त्राला असला चंचलपणा चालत नाही.) त्या हिशेबाने गावात ९८.६ टक्के रेंज आहे. उरलेलं तळं. माशांची तक्रार नाही.

गेल्या ऑगस्टात लायल पेल्की शेतात ट्रॅक्टरखाली अडकला. त्याची बायको वर्ना फोन घेऊन त्या जांभळ्या रंगातून धावत सुटली. दफनभूमीच्या टेकडीवर पोचली तेव्हा कुठे फोन लागला. (रेंजच्या बाबतीत आमचे मेलेले जिवंतांच्या पुढे आहेत.) लायल वाचला, डावा पाय गेला.

वर्नाने खोऱ्यात टॉवर मागितला. सरकारी अनुदान होतं, पण रेंज नसलेल्या गावांनाच. रेंज नाही हे सिद्ध करायला त्या जागेवरून अ‍ॅप उघडून मोजणी पाठवायची. अ‍ॅप रेंजवर चालतं. जिथे ते उघडलं नाही तिथली मोजणी धरत नाहीत, आणि जिथे उघडलं तिथे रेंज आहेच. इतका काटेकोर न्याय देवाच्या दरबारीसुद्धा मिळायचा नाही.

"नकाशा गेला खड्ड्यात!" वर्ना म्हणाली. "कंपनीचा माणूस इथे आणा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजू दे."

गाव खूश. अनुभवापुढे शास्त्राची काय टाप! आता सगळं गाव एकत्र कधी असतं? मार्चच्या पहिल्या मंगळवारी, ग्रामसभेला. आजे-पणजे त्याच दिवशी जमत आले. रस्त्यात घोटाभर चिखल, सभागृहात उकडलेले बीन्स, हात वर करून मतदान. आणि झाडांवर औषधालासुद्धा पान नाही. मेपलच्या सालीवर हात ठेवून गोड रस कधी चढेल ते सांगणारी, बादल्या टांगून तो गोळा करणारी माणसं ही. एकालाही सुचलं नाही.

कंपनीचा इंजिनियर ट्रेव्हर हॅसकॉम्ब आला, यंत्र लावलं. "चार दांड्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी खिशातून फोन काढले. "अरे, माझ्याकडेपण!" गावचा पंच ऑरिन बॅचेल्डर ओरडला आणि त्याने तिथूनच फ्लोरिडाला मेव्हणीला फोन लावला. "ऐकू येतंय का गं? नाही, काम काही नाही, उगाच बघत होतो!"

वर्ना उठली. "पानं फुटू द्या, मग मोजा. जुलैत या."

"मॅडम, मोजणी झालीय," हॅसकॉम्ब म्हणाला.

"अगं वर्ना, तूच म्हणालीस ना डोळ्यांदेखत?" ऑरिन म्हणाला. "आता डोळ्यांना दिसतंय त्याला आम्ही काय करणार?"

"दिसतंय ना? मग खिडकीबाहेर बघ, ऑरिन. काय आहे?"

"झाडं."

"आणि त्यांच्यावर?"

ऑरिनने नीट बघितलं. "रसाच्या बादल्या."

टॉवरचा अर्ज मागे घ्यायचा ठराव पास झाला. सगळे हात वर, प्रत्येक हातात फोन. खाली एकच हात, वर्नाचा.

मे महिन्यात पानं फुटली आणि गाव मुकं झालं. नकाशा मात्र आता 'प्रत्यक्ष अनुभवाने सिद्ध' झालाय. शास्त्र आणि अनुभव यांचं असं एकमत क्वचितच होतं. ऑरिनचं मत, त्याचा फोनच भिकार आहे. त्याने नवा घेतला, मग आणखी एक. वर्नाने वाद सोडून दिला. तिने लायलला घेऊन दफनभूमीशेजारी, टेकडीवर, गाडीमागे ओढायच्या छोट्या घरात संसार मांडला. लायल म्हणतो, "पुढे शेजारी राहायला जायचं झालं, तर सामान हलवायला सोपं!" ती त्याच्यावर खेकसते आणि फोन उशाशी ठेवते.

हसा, हसा आमच्या गावाला. परवा बोलता बोलता तुमचा फोन तुटला, तेव्हा स्वतःच्या चार दांड्या बघून तुम्ही काय म्हणालात? "तुझ्याकडेच रेंज नाहीये!" म्हणालात आणि चहा प्यायला गेलात. पलीकडचा माणूस काय सांगत होता, ते अजून विचारलेलं नाहीत.