पंचांच्या हातची मेंदी

"जहुराभाभी, तुमच्या मेंदीच्या यंत्रानं पोरीच्या हातावर तिचं नाव सरळ लिहिलं, तर मी दोन्ही हातांवर मेंदी काढून रविवारच्या कबड्डीत पंच म्हणून उभा राहीन!" भागोजीनं अख्ख्या आळीसमोर छाती ठोकली.

"आणि न्हाय लिहिलं तर आळीला बिर्याणी! कबूल, भाऊजी?"

"कबूल!"

भागोजी म्हणजे म्हसळ्याचा नावाजलेला पंच. त्याचा हात वर गेला की भांडणारे दोन्ही संघ गप! त्या हातावर मेंदी? छे!

पण शेजारच्या भाभीचं यंत्र म्हणजे काय सांगावं! जुन्या शिलाई मशीनचं टेबल, वर रूळ आणि रुळांवर मेंदीचा कोन. पहिली मोटर बारकी निघाली. कोन ओढताना घाटात भरलेली टमटम थरथरावी तशी थरथरायची. मग भाभीनं दांडगी मोटर मागवली.

"ही नुसती गरगर फिरत न्हाय, भाऊजी. सांगितलं तेवढंच पाऊल टाकते न् थांबते."

"आमच्या कारभारणीला, रखमाला दाखवू नका! मलापण तारा जोडेल!"

हसला खरा, पण मनात आलं, बाई जिंकतेय की!

शुक्रवारी दुपारी भाभी नमाजाला आत गेली, तसा हा बोक्यासारखा पडवीत शिरला. मोटरला चार तारा. तंबाखू मळल्या बोटांनी शेजारशेजारच्या दोन उपटल्या आणि एकीच्या जागी दुसरी खोचली. आता नाच म्हणावं!

संध्याकाळी आळी जमली. भाभीच्या पोरीनं, झोयानं कोनाखाली हात धरला. भाभीनं बटण दाबलं. कोन सर्रकन सरकला आणि तळहातावर उमटलं, 'झोया'! सरळ, सुबक, वर वेलबुट्टी!

भागोजीचा जबडा गुडघ्याला टेकला. "असं कसं? मी तर तारा बदलल्या होत्या!"

अख्खी आळी त्याच्याकडे वळली.

"ठाव हाय," भाभी म्हणाली. "तारेवर तुमचा चुना दिसला."

"मग परत का न्हाय बदलल्या?"

"कशाला? सकाळपासून मोटर उलटी फिरत होती. नाव आरशातल्यासारखं उमटायचं. त्याच दोन तारा बदलायच्या होत्या. नमाज पढून येते तर काम झालेलं! शुक्रिया, भाऊजी!"

रविवारी मैदान खच्चून भरलं. भागोजीनं पहिला गुण द्यायला हात वर केला. तळव्यावर यंत्रानं काढलेला मोर आणि मोराखाली ठळक 'हरलो'! चढाईवाला कबड्डी कबड्डी म्हणायचंच विसरला!

गर्दीतून रखमा ओरडली, "अगं बाई! आपल्या लग्नात माझीसुद्धा एवढी रंगली नव्हती!"

भागोजीनं दुसराही हात वर केला.

"रंगणारच! वायरिंग कुणाचं हाय!"