एनोच्या मयताचा केक

एनोला कुठे पुरायचं यावरून घरात अजिबात वाद झाला नाही. वाद झाला तो केकवरून.

जर्मनीत वेझर नदीकाठच्या त्या गावात माणूस मातीआड केला की सगळे खाणावळीत जमतात, कॉफी पितात आणि लोण्याचा केक खातात. केक नसेल तर माणूस नीट गेलाच नाही असं समजतात. एनोची धाकटी बहीण हिल्के लहानपणापासून बघत आली होती तो केक असा: पीठ फुगवून ताटभर पातळ पसरायचं, बोटांनी खळगे पाडायचे, खळग्यांत लोण्याचे गोळे, वर साखर. लग्न असेल तर बदामाचे काप. मयत असेल तर बदाम नाहीत. यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

पण एनोची बायको वाल्ट्राउट होती म्युन्स्टरकडची. तिकडे लग्न असो, मयत असो, केकवर बदाम भरपूर, आणि केक भट्टीतून निघाला की वर गरम गरम असतानाच साय ओततात.

"बदाम?" हिल्के फोनवर म्हणाली. "वहिनी, माझा भाऊ गेलाय. त्याचं लग्न नाहीये."

"एकेचाळीस वर्षं तो माझ्या हातचा केक खात होता, वन्सं. बदामासकट. बोटं चाटून."

"बिचारा भिडस्त होता."

यावर वाल्ट्राउटने फोन ठेवला. शेवटी चर्चच्या पास्टरबाई मध्ये पडल्या. दोघींनीही आपापला केक करावा, पाच-पाच ताटं, असं त्यांनी ठरवून टाकलं. हिल्केला हे पटलं नाही, पण पास्टरबाईंशी भांडायचं म्हणजे पुढे दर रविवारी त्यांच्यासमोर बसायची पंचाईत.

मयताच्या दिवशी सकाळीच तिचा नवरा हाइको पाच ताटं गाडीत घालून खाणावळीत पोचवून आला. हिल्के मागाहून टेबलं बघायला गेली तर स्वयंपाकघरात वाल्ट्राउटची पाच ताटं आधीच मांडलेली. सायीने चकचकणारी. बदाम तर असे पसरले होते जणू कोणी वरून टोपलीच पालथी केली.

खाणावळीचे मालक ल्युडर त्यांच्याकडे बघत उभे होते. "हिल्के, हे बदामवालं इथे कसं? आज तर एनोचं..."

"मला काय विचारता?" हिल्केच्या मनात आठवडाभर साठलेलं बाहेर पडलं. "तुम्ही याच गावचे ना? मयताला कुणी बदाम खाताना पाहिलंय तुम्ही? मी तर म्हणते हा केक या खोलीत शोभतच नाही."

ल्युडरनी मान डोलावली. हिल्केचं मन हलकं झालं आणि ती दफनाला गेली.

दफन छान झालं. पाऊस नव्हता, वाजवणारे सुरात वाजवत होते, आणि पास्टरबाईंनी एनोबद्दल जे सांगितलं त्यातलं बहुतेक खरं होतं. मग सगळी मंडळी खाणावळीच्या छोट्या दालनात आली. टेबलांवर कॉफीचे थर्मास होते आणि केक होता. फक्त हिल्केचा.

वाल्ट्राउटने एक टेबल पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सगळी फिरून आली. काळ्या टोपीखाली तिचा चेहरा पांढराफटक झाला.

"वन्सं," ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आजच्या दिवशी तरी असं करायला नको होतंत."

"मी काय केलं?"

"ते तुम्हालाच ठाऊक. पहाटे चारला उठून पाच ताटं केली होती मी. माझ्या नवऱ्यासाठी."

चाळीस माणसं आपापल्या कपात बघू लागली. हिल्केला संताप आवरेना. आयुष्यात तिने पुष्कळ गोष्टी केल्या होत्या, पण कुणाचा केक पळवला नव्हता. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"वहिनींचा केक कुठेय?"

"मोठ्या दालनात," ल्युडर म्हणाले. "तिथे लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे. बदाम बघून मला वाटलंच, पोचवणाऱ्यांची चूक झालीय. तरी तुम्हाला विचारलं. तुम्हीच म्हणालात, या खोलीत शोभत नाही."

"मी मत दिलं होतं, ल्युडर. हुकूम नव्हता दिला."

"तुमच्या बोलण्यात तो फरक कळत नाही, हिल्के."

हाइकोला पाठवावं असं तिला वाटलं, पण हाइको गेला असता तर तिथेच बसला असता. शेवटी ती स्वतःच गेली. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, हातात रिकामं ताट. मोठ्या दालनात बाजा वाजत होता. तिला बघून तो थांबला.

"मी केक न्यायला आलेय," ती म्हणाली.

नवरदेव, पन्नाशीचा लालबुंद गृहस्थ, उठून उभा राहिला. "म्हणजे हा तुमचा केक?"

"आमच्या घरचा," हिल्के म्हणाली. खोटं बोलायचं नाही एवढाच तिचा हेतू होता.

झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या हातात दारूचा छोटा पेला दिला. नवरीने तिचे दोन्ही हात धरले आणि ती म्हणाली, की आमच्या गावचा केक म्हणजे घशाखाली उतरवायला कॉफीची किटली लागते, पण हा कसा लोण्यासारखा जातो. ही साय घालायची युक्ती तुम्हाला सुचली तरी कशी? हिल्केला पेला रिकामा करावा लागला. मग दुसरा. ज्या केकला ती चाळीस वर्षं नावं ठेवत आली होती, त्याची तारीफ तिने भिंतीला टेकून, गालावर हसू ठेवून, पूर्ण ऐकून घेतली. उरलं होतं सव्वा ताट. ते उचलून ती निघाली तेव्हा मागे बाजेवाल्यांनी तिच्यासाठी सलामी वाजवली.

छोट्या दालनात तिने ते ताट वाल्ट्राउटसमोर ठेवलं.

"घ्या. ल्युडरचा गोंधळ होता." मग जरा थांबून, "थोडा माझाही."

वाल्ट्राउट काही बोलणार, इतक्यात दारातून एक बुटकी, नीटनेटकी बाई आत आली. हिरवी टोपी, हातात दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं. ती थेट वाल्ट्राउटकडे आली.

"मी टीले. ब्रेमेनला आमचं केकचं दुकान आहे. उशीर झाला, बस चुकली. आमच्या एनोसाहेबांसाठी आणलाय."

"तुमच्या?" वाल्ट्राउट म्हणाली.

"दर गुरुवारी दोन वाजता यायचे हो. खिडकीजवळचं टेबल. अकरा वर्षांत एकदा चुकले, तेही बर्फ पडलं म्हणून." टीलेबाईंनी दोरा सोडला. "दोन तुकडे खायचे आणि म्हणायचे, टीलेबाई, असा लोण्याचा केक आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही."



"गुरुवारी तो कंबर शेकायला जायचा," वाल्ट्राउट म्हणाली.

"मलाही तेच सांगायचा," हिल्के म्हणाली.

दोघी खोक्यात वाकून बघू लागल्या. केक जाड होता, हिल्केच्या केकच्या दुप्पट. साय नव्हती. बदाम नव्हते.

"वन्सं, यात मनुका आहेत."

"दिसताहेत, वहिनी."

"लोण्याच्या केकमध्ये."

"मयताला."

वाल्ट्राउटने शेजारची खुर्ची ओढली आणि हिल्के त्या खुर्चीवर बसली. चाळीस वर्षांत त्या दोघी कुठल्याही समारंभाला एका टेबलावर बसल्या नव्हत्या. त्यांनी एकेक तुकडा घेतला आणि गंभीर चेहऱ्याने चावून पाहिला. मग एका तुकड्यावर मत बनवणं बरं नव्हे, म्हणून आणखी एकेक घेतला. टीलेबाई हात जोडून उभ्या होत्या.

"आवडला का?"

हिल्केने ओठांवरची साखर टिपली आणि तक्रार नोंदवायला आलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "गुरुवारी तुमचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"सहापर्यंत."

"खिडकीजवळचं टेबल ठेवा," वाल्ट्राउट म्हणाली. "दोघींचं."