प्रेक्षणीय ठिकाण क्रमांक बारा

ही हकिगत २०२३ सालच्या उन्हाळ्यातली. संस्कृती ही अशी वस्तू आहे की ती परदेशात नेली की तिच्या देखभालीला माणसं लागतात, आणि ती माणसं निवृत्त असली तर उत्तम. हे ओळखून मिरजेच्या एका संस्थेने ‘ज्येष्ठ संस्कृतिसेवक दांपत्य योजना’ काढली. योजना इतकी निर्दोष होती की तिला नियमच सदतीस होते. तिच्याखाली शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात हेमचंद्रराव आणि कांचनताई तेरा आठवड्यांसाठी दाखल झाले. ते वीज मंडळातून निवृत्त, त्या शाळेतून.

मी या मंडळाची कार्यवाह. शहात्तर सालच्या पहिल्या गणपतीला आम्ही अकरा माणसं होतो आणि मोदक नव्वद होते. मोदक कोणी किती खाल्ले हेही मला आठवतं, त्यामुळे इतिवृत्त माझ्याकडेच असतं.

सेवा म्हणजे मुलांना मराठी शिकवणं. वर्गात नावं चौदा, सरासरी हजेरी तीन (कांचनताई धरून). मुलांना मराठी सगळं समजायचं. ‘वही उघडा’ म्हटलं की ती इंग्रजीत सांगायची, की वही कारमध्ये राहिली.

दर आठवड्याच्या सेवेमागे एक दिवसाची सहल, हा नियम नववा. सकाळी निघायचं, रात्री मुक्कामाला परत. बाहेर रात्र काढली की विमा संपतो. शिवाय सेवकांनी नातलगांकडे राहायचं नाही, कारण त्याने सेवेत मन लागत नाही. सेवा संपली की दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान.

अकरा आठवड्यांत अकरा सहली झाल्या. अरोराचं देऊळ, स्प्रिंगफील्डचं लिंकनचं घर, एक चीजचा कारखाना, दोन तळी (दुसरं पहिल्यासारखंच) आणि आउटलेट मॉल सहा वेळा. हेमचंद्रराव प्रत्येक ठिकाणी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेत. कांचनताई गाडीत बसता बसता विचारायच्या, “सुलभाताई, इथून अ‍ॅशबर्न किती लांब?”

विमानाने दोन तासांवर, व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला त्यांचा मुलगा मिहीर. सहा वर्षं भेट नाही. चार वर्षांची नात आन्या, ती तर फक्त फोनच्या काचेतून पाहिलेली. मिहीर शिकागोला येणार होता. आधी मे महिन्यात, मग लाँग वीकेंडला, मग प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर.

बाराव्या आठवड्यात कांचनताईंनी सहलीचा अर्ज स्वतः भरला. ‘प्रेक्षणीय ठिकाणाचे नाव’ या रकान्यात त्यांनी लिहिलं: मिहीर.

सहल समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष अरुण हे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, आणि काटेकोर.

“कांचनताई, मिहीर हे ठिकाण होत नाही.”

“मग काय होतं?”

“नातलग. नियम एकवीस.”

“राहणार नाही आहोत आम्ही. सकाळी सहाचं विमान, संध्याकाळी परत. नुसतं बघून येतो.”

“बघण्यासारखं काय आहे, ते अर्जात लिहायला लागतं.”

“अरुणभाऊ, सहा वेळा मॉल दाखवलात तुम्ही. तेव्हा काय लिहिलंत?”

अरुणनी चष्मा पुसला. मॉलच्या अर्जात ‘स्थानिक जीवनाचा अभ्यास’ असं लिहिलेलं होतं, तेच इथेही लिहावं असं एकमताने ठरलं. राहिला रकाना ‘खुले राहण्याची वेळ’. त्यासाठी बैठकीतूनच मिहीरला स्पीकरवर फोन लावला.

“आई, सॅटर्डेला ना? दहाला आन्याचं स्विमिंग, मग दोनला बर्थडे पार्टी. वन टू वन फॉर्टी-फाइव्ह वर्क होईल. यार, आधी कळवायचं ना, मी कॅलेंडर ब्लॉक केलं असतं.”

“चालेल रे. पाऊण तास पुष्कळ झाला.”

अरुणनी वेळ लिहून घेतली आणि प्रवेश विनामूल्य असल्याची नोंद केली.

नियमानुसार पदाधिकारी म्हणून मी सोबत गेले. नऊच्या आत पोहोचलो. मग चार तास खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरांच्या इमारती पाहिल्या. हेमचंद्ररावांना त्यांचं वीजबिल किती येत असेल याचं कुतूहल होतं. घरापाशी आलो तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. कांचनताईंनी बेल वाजवू दिली नाही. “जेवत असतील,” म्हणाल्या, आणि बेसनाच्या लाडवांचा डबा धरून आम्ही कॉलनीला दोन फेऱ्या घातल्या.

एक वाजता दार उघडलं. आन्याने वर पाहिलं. “आर यू द फोन आजी?”

“हो गं.”

“व्हेअर इज द फोन?”

कांचनताई खालीच बसल्या. पुढची बावन्न मिनिटं (सात जादा) त्या उठल्या नाहीत. मिहीरने दोनदा घड्याळ पाहिलं, पण बोलला काही नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवते.

सहलीच्या अहवालात ‘काय शिकायला मिळाले’ असा रकाना असतो. कांचनताईंनी लिहिलं: “नात माझ्या कमरेच्या वर येते. फोनवर उंची कळत नाही.” संस्थेला अहवाल फार आवडला. ‘मोजता येईल असे फलित’ असा शेरा आला.

त्यानंतरचं थोडक्यात. हेमचंद्रराव मिरजेत ‘अमेरिकेतील जनजीवन’ यावर व्याख्यान देतात, त्यातल्या चित्रांत मॉल सहा कोनांतून दिसतो. कांचनताईंना संस्थेने पुन्हा सेवेला बोलावलं होतं, त्यांनी गुडघ्याचं कारण कळवलं. मिहीरला ठिकाण म्हणून मंडळाचं आभारपत्र गेलं, ते त्याने फ्रेम केलं. आन्या मराठी बोलते, ‘थांब ना’ इतकं. अरुणनी रेडमंडच्या आपल्या मुलासाठी असाच अर्ज केला आहे, तो वेळेच्या रकान्यापाशी अडला आहे.

मंडळाने आता प्रेक्षणीय मुलांची अधिकृत यादी केली आहे. आजवर एक्केचाळीस ठिकाणं नोंदली गेली, वेळा बहुतेक शनिवारच्या. तुमचं नाव तीत आहे का, हे विचारायला मला पत्र लिहू नका. आईलाच फोन करा. तिला तुमच्या वेळा पाठ आहेत, आणि फोन अवेळी आला तर ती आधी घाबरून विचारील, “सगळं ठीक आहे ना?”