आमचे व्याही शाळेत जातात

आमचे व्याही रखमाजी सत्तरी ओलांडल्यावर शाळेत जायला लागले. सकाळी अंघोळ करतात, धुतलेलं धोतर नेसतात, डोक्याला पटका गुंडाळतात, देवाला हात जोडतात आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणतात, "चला, शाळंत जातो." मग ओसरीवर घोंगडी अंथरलेली असते, तिच्यावर येऊन बसतात. झालं. एवढंच जायचं असतं. पण एकदा बसले की बसले. दारात तलाठी येवो नाहीतर तहसीलदार, मान वर होत नाही.

मला हे कळलं ते त्यांच्या दारातच. मी बाळापूरहून डोंगरकड्याला लेकीकडं गेलो होतो. माझी लेक सुमन ही रखमाजींची सून. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "अण्णा, हळू बोला. मामंजी शाळंत हायेत." मला वाटलं, शाळेवर राखणदार म्हणून लागले असतील. बघतो तर व्याही माझ्यासमोरच बसलेले. हातांत एक चपटं यंत्र, दोन्ही बाजूंनी धरलेलं, आणि बाई वाती वळते तसे दोन्ही अंगठे चाललेले.

मी राम राम घातला. त्यांनी घेतला नाही. व्याह्याचा राम राम न घेणं ही लहान गोष्ट नव्हे. आमच्याकडं एवढ्यावरून सोयरिकी तुटल्यात. मी पिशवी उचलली आणि उलट पावली निघालो, तेव्हा कुठं आवाज आला.

"बसा व्याही. तास चालू हाय. मास्तर बघून राहिला."

कुठला मास्तर, कसला तास, हे मग मला जावईबापूंनी समजावलं. जावईबापूंचं वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मालात हे यंत्र त्यांच्याकडं आलं. त्यात एकच खेळ. खेळात एक शाळा, आणि आपण त्या शाळेतला एक पोरगा. दिवसा वर्गात बसायचं, दोस्त जोडायचे, डबा खायचा. शाळा सुटली की शाळेच्या खाली एक भुयार आहे त्यात उतरायचं आणि तिथल्या राक्षसांशी मारामारी करायची. असं करत करत वर्ष सरतं आणि निकाल लागतो. त्यांनी हे मला दोनदा सांगितलं. मी म्हणालो, जावईबापू, मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, शाळा मला शिकवू नका. आमच्या शाळेखाली भुयार नव्हतं. वरचे पत्रेच धड नव्हते.

बापाला हे खेळणं का दिलं, तेही सांगतो. रखमाजींचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे गेल्यावर रान फिरणं होईना, म्हणून मेंढ्या विकल्या. मेंढ्या गेल्या, पण हा माणूस पहाटे उठून मेंढरांच्या वाड्याचं फाटक उघडायचा, आत बघायचा, आणि परत लावून घ्यायचा. आत नुसत्या लेंड्या. सुमनला ते बघवेना. तिनंच नवऱ्याला सांगितलं, मामंजींच्या हाताला काहीतरी द्या.

रखमाजींना अक्षर येत नाही आणि खेळ सगळा इंग्रजीत. तरी त्यांचं काही अडलं नाही. पोरांची नावं त्यांनी स्वतःच पाडली. डोक्यावर काटे उभे असलेला एक पोरगा, तो साळिंदर. एक चष्मेवाली. एक आडदांड, तो पैलवान. आणि चौथे स्वतः रखमाजी, म्हणजे सोळा वर्षांचा एक गोरागोमटा पोरगा, ज्याची झुलपं डोळ्यांवर आलेली. त्या केसांचा व्याह्यांना भारी राग. आपल्याच नावानं बोटं मोडायचे, "शाळंत जातं आन् न्हाव्याकडं जायाला ह्याचे पाय मोडतेत."

वर्गात मास्तर मधूनच उभं करून सवाल विचारतो. खाली तीन उत्तरं येतात, त्यातलं एक धरायचं. रखमाजी कायम मधलं धरायचे. मी विचारलं, काहून? म्हणाले, "लांडगा कडंचं उचलतो. मधलं वाचतं." बहुतेक वेळा मधलं चुकायचं. मास्तर टेबलावर हात आपटायचा, वर्ग हसायचा आणि व्याहीही वर्गाबरोबर हसायचे. एकदा मात्र बराबर आलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी सुमनला साऱ्या गल्लीसाठी शिरा करावा लागला. शिरा कशाचा म्हणून लोक विचारायचे आणि ही बिचारी पदरात तोंड लपवायची.

भुयाराची तर तऱ्हाच वेगळी. बाकीचे लोक म्हणे तिथं मारामारीला उतरतात. आमचे व्याही चारायला नेल्यासारखे उतरायचे. पुढं पैलवान, मध्ये चष्मेवाली, मागं साळिंदर, आणि तोंडानं "हिर्र, हिर्र" चाललेलं. वळणावर थांबून सगळे आलेत का बघायचं. दोन-चार दालनं फिरली की माघारी. जावईबापू म्हणायचे, आबा, अजून सगळ्यांच्या अंगात दम आहे, पुढं चला. तर म्हणायचे, "दिस बुडून राहिला." भुयारात दिवस कुठून आला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

एका राक्षसावरून तर घरात भांडण लागलं. मी होतो तिथं, डोळ्यांनी बघितलं. दार उघडलं आणि समोर एक धूड उभं. वळलेली शिंगं, लाल डोळे, नाकातून जाळ. जावईबापू म्हणाले, मारा, मारा. रखमाजींनी यंत्र डोळ्याशी नेलं, लांब धरलं, परत जवळ घेतलं.

"मेंढा हाय," म्हणाले. "कावलाय. कुनीतरी डिवचलंय ह्याला."

बटन दाबेचनात. त्या मेंढ्यानं चौघांनाही लोळवलं, काच काळी झाली आणि डाव पहिल्यापासून. पुन्हा गेले, पुन्हा तेच. मेंढ्याला पाणी पाजायची सोय कुठं आहे, एवढंच विचारायचे. शेवटी जावईबापूंनी यंत्र ओढून घेतलं आणि मेंढा मारून टाकला. त्यावर बाप लेकाशी दिवसभर बोलला नाही. त्या दिवशी घरात माझ्या पाहुणचाराचं मटण शिजलं होतं, ते मात्र व्याह्यांनी पोटभर खाल्लं. मी गप्प बसणारा नव्हे. म्हणालो, व्याही, हे कसं काय? शांतपणे नळी फोडत म्हणाले, "हे खायाला मारलंय. त्ये कशाला मारलं?" मी माझी नळी उचलली.

तर असं करत करत वर्ष संपत आलं आणि रखमाजींना निकालाचे वेध लागले. जन्मात कुठली यत्ता बघितली नव्हती. आता पास व्हायचं होतं. ते त्यांनी पारावर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, मला फोनवर सांगितलं. निकालाच्या दिवशी घालायला नवा पटका आणला. जावईबापूंना पेढ्यांचं सांगून ठेवलं. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. "पास झालो की बघा," म्हणायचे. भुयाराच्या तळाशी एक मोठं दार होतं. ते उघडून आतल्या राक्षसाला हरवलं की वर शाळेत निकाल. बाकी काही उरलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच शाळेत एक पोरगी आली. अंगानं एवढीशी, पाठीवर दप्तर तिच्यापेक्षा मोठं, वर्गात कुणाशी बोलायची नाही. रखमाजींनी तिला डबा दिला. मग ती ह्यांच्या मागंमागं फिरायला लागली. तिचं नाव पडलं कोकरू.

शाळेत पाचही जण बरोबर हिंडायचे, त्याला मनाई नव्हती. पण भुयारात एका वेळी चौघंच. हा त्या खेळाचा कायदा. चौघं खाली उतरायला निघाले की कोकरू काहीतरी बोलायची आणि भुयाराच्या पायरीवर बसून राहायची. रखमाजी उतरले, पहिल्या वळणावर मागं वळून बघितलं, आणि सगळ्यांना घेऊन वर आले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी उतरलेच नाहीत.

जावईबापू म्हणाले, आबा, पैलवानाला ठेवा, तिला न्या. म्हणाले, "मग पैलवान बसंल पायरीवर." चष्मेवालीला ठेवा. मग ती बसेल. दुसऱ्या कुणाला ठेवूनही ह्यांचं समाधान होईना.

मग त्यांनी एक बटन शोधायला घेतलं. मेंढरं नदी-नाला ओलांडायला लागली की लंगडं किंवा नुकतं जन्मलेलं पिल्लू मेंढपाळ खांद्यावर टाकतो. त्याला कळपात मोजत नाहीत. ते माणसाच्या अंगावर असतं. तर रखमाजींचा हिशेब असा, की कोकराला खांद्यावर घेतलं म्हणजे चौघंच उतरले, कायदा मोडला नाही. ते बटन काही सापडेना. यंत्रावरची सगळी बटनं दाबली, दोन-दोन मिळून दाबली, कडेची दाबली, मागच्या झाकणाचा स्क्रूही दाबून बघितला. जावईबापूंना फाट्यावर फोन करून विचारलं. ते म्हणाले, आबा, तसं बटन नसतं. रखमाजी मला म्हणाले, "येवढी हुशार मान्सं व्याही, भुयार केलं, राक्षस केले. खांद्यावर घ्यायचं इसरले."

खेळ तिथंच अडकला. दाराशी गेल्याशिवाय निकाल नाही. बरेच दिवस झाले. पटका घडी घातलेला तसाच. पारावरची माणसं आता मुद्दाम विचारायला लागली, रखमाजी, लागला का निकाल? ते मान हलवायचे. पारावर जायचंच बंद केलं. जावईबापू म्हणाले, द्या माझ्याकडं, दुपारभरात पास करून देतो. तर यंत्र धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवलं. जेवण कमी झालं. मग सुमनचा मला फोन आला. अण्णा, तुमीच या, तुमचं ऐकतेत.

ऐकतात कसले. पण लेकीनं बोलावलं म्हणून गेलो.

दुपारची वेळ होती. जावईबापू दुकानावर, सुमन आत. मी ओसरीवर व्याह्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांना चांगलं सुनावलं. म्हणालो, व्याही, शाळेतलं मला कळतं. माझी चौथी राहिली ती राहिलीच. साठ वर्षं झाली, अजून कुणी शिक्षण विचारलं की मी तिसरी म्हणतो आणि वर मोठ्यानं म्हणतो, म्हणजे पुढं कुणी विचारू नये. तुमच्या हातात आलंय तर पास होऊन घ्या. एकदा पास झालं की ते कुणी काढून घेत नाही. ती पोरगी काही खरी नाही. चार घटका पायरीवर बसली तर तिचं काय जातंय?

रखमाजी यंत्राकडं बघतच बोलायला लागले.

"बानं मला शाळंत घातलं व्हतं व्याही. म्या कुनाला सांगत न्हाई. नांदेडकडं मेंढरं निघाली व्हती. रस्त्यावर एक गाव व्हतं, तितं शाळा. माझी मावशी त्या गावात. बा म्हनला, इथं पायरीवर बस, मेंढरं वड्याच्या पल्याड घालतो आन् येतो."

"मग?"

"मग काय. त्याला यायचंच नव्हतं. पोरगं शिकावं म्हनून ठिवून गेला. वाईट न्हवता त्यो."

"अन् शाळा?"

"मास्तर लई चांगला. आत ये म्हनायचा. रोज म्हनायचा. मावशी सकाळी सोडायची, सांजंला न्यायची." त्यांनी अंगठ्यानं काचेवरची धूळ पुसली. "पर म्या आत गेलो आन् तेवढ्यात बा आला तर? त्याला म्या दिसनार न्हाई. म्हनून बसलो पायरीवरच. पाढे ऐकू यायचे आतून. शेवटाला मावशीनंच मेंढरांकडं धाडून देलं. म्हनली, हे लेकरू शिकत न्हाई."

एवढ्या वर्षांची सोयरीक, लेक दिलीय ह्यांच्या घरात, आणि हा माणूस मला ठोंब्या म्हणून माहीत.

"ती खरी न्हाई म्हनता," रखमाजी म्हणाले. "नसंल. पर तिला ठाव हाय का, आमी वापस येनार ते?"

"मग नापास?" मी विचारलं.

"नापास," ते म्हणाले. आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

त्यांनी यंत्र माझ्याकडं थोडं वळवलं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. शाळेची भिंत, भिंतीला लागून पायऱ्या, खाली काळोखात जाणाऱ्या. वरच्या पायरीवर ती एवढीशी पोरगी, आणि तिच्या आजूबाजूला काटेवाला, चष्मेवाली, आडदांड आणि ते झुलपंवालं पोरगं. कुणी काही करत नव्हतं. मी म्हणालो, आता काय करायचं असतं? रखमाजी म्हणाले, काय न्हाई.

सुमननं आतून हाक दिली, अण्णा, बाळापूरची काळीपिवळी जीप लागली बघा, मागून दुसरी न्हाई आज. मी जाऊ दे म्हणालो आणि घोंगडीवर जरा आत सरकून बसलो.